पहारेकऱ्याचा मोबदला : बिटकॉइनच्या मूळ निबंधातील प्रोत्साहनविचाराची चिकित्सा

प्रस्तावना

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला. बँक किंवा अन्य कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या मध्यस्थीशिवाय दोन पक्षांमध्ये इलेक्ट्रॉनिक रोकडीची थेट देवघेव कशी करता येईल, हा त्याचा विषय होता. ३ जानेवारी २००९ रोजी त्यातील आराखड्यानुसार बिटकॉइनचे जाळे प्रत्यक्षात सुरू झाले. त्यानंतर या निबंधाविषयी विपुल लेखन झाले. परंतु ते बहुतांशी एक तर संगणकशास्त्राच्या, नाही तर गुंतवणुकीच्या अंगाने झालेले आहे. मानवी वर्तनाविषयी काही गृहीतके मांडणारा आणि त्या गृहीतकांवर एक संस्था उभी करू पाहणारा आर्थिक विचार म्हणूनही त्याचे वाचन होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात या निबंधाच्या सहाव्या भागाची, म्हणजे ‘प्रोत्साहन’ या शीर्षकाखालील विवेचनाची चिकित्सा केली आहे. ज्या व्यवस्थेत मालक नाही, व्यवस्थापक नाही आणि पगारी नोकरवर्ग नाही, त्या व्यवस्थेच्या हिशेबाची राखण कोणी व का करावी, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे. निबंधाने त्याचे दिलेले उत्तर अर्धे आहे. हिशेब लिहिणाऱ्याचा मोबदला त्यात ठरविलेला आहे. हिशेब तपासणाऱ्याचा ठरविलेला नाही. ‘नोड’ या एकाच शब्दात दोन भिन्न भूमिका सामावून घेतल्यामुळे हे अर्धेपण आले, आणि या जाळ्याच्या पुढील इतिहासातील महत्त्वाचे तंटे त्या शब्दापाशीच येऊन थांबतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

नोडचे कार्य आणि त्याचा खर्च

बिटकॉइनची खातेवही एका ठिकाणी ठेवलेली नसते. तिच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर असतात. अशा प्रत्येक संगणकास नोड म्हणतात. पूर्ण नोड तीन कामे करतो. तो आरंभापासूनच्या सर्व व्यवहारांची स्वतः तपासणी करतो; नवा व्यवहार किंवा नवा ब्लॉक आला की तो नियमांत बसतो की नाही हे पाहतो; आणि योग्य ठरलेली माहिती शेजारच्या नोडांकडे पाठवितो. नियमबाह्य ब्लॉक तो सरळ फेटाळतो. तो ब्लॉक तयार करणाऱ्याने कितीही वीज खर्च केलेली असो, नोडच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य असते.

ब्लॉक तयार करणे हे याहून वेगळे काम आहे. ते करणाऱ्यास मायनर म्हणतात. मायनर जमा झालेले व्यवहार एकत्र करतो आणि एक अवघड आकडेकोडे सोडविण्याच्या शर्यतीत उतरतो. जो प्रथम यशस्वी होतो त्याचा ब्लॉक खातेवहीस जोडला जातो. त्याबद्दल त्याला नवी नाणी आणि त्या ब्लॉकमधील व्यवहारांचे शुल्क मिळते. नव्या नाण्यांचा हा मोबदला आरंभी प्रत्येक ब्लॉकमागे ५० बिटकॉइन होता. प्रत्येक २,१०,००० ब्लॉकांनंतर तो निम्मा होतो. २०१२ मध्ये तो २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ झाला.

या सर्व रकमेतून मायनिंग न करणाऱ्या नोडच्या वाट्यास काहीही येत नाही. खर्च मात्र त्याला आहे. संपूर्ण खातेवही आता सहाशे गिगाबाइटांहून मोठी झाली आहे. २०१५ पासून जुने ब्लॉक तपासून झाल्यावर काढून टाकण्याची सोय उपलब्ध आहे व त्यामुळे साठवणुकीची गरज पुष्कळ कमी होते. तथापि आरंभीची संपूर्ण तपासणी चुकत नाही. वीज, इंटरनेट, संगणकाची झीज आणि देखभालीसाठी द्यावा लागणारा वेळ हा खर्च नोड चालविणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करावयाचा असतो.

मूळ निबंधातील प्रोत्साहनविचार

निबंधाच्या पाचव्या भागात जाळ्याचे काम सहा पायऱ्यांत सांगितले आहे. नवे व्यवहार सर्व नोडांकडे जातात. प्रत्येक नोड ते ब्लॉकमध्ये गोळा करतो. प्रत्येक नोड कोडे सोडविण्याचा प्रयत्न करतो. सोडविणारा नोड तो ब्लॉक इतरांस पाठवितो. इतर नोड त्यातील व्यवहार वैध असतील तरच तो स्वीकारतात. आणि स्वीकार केल्याची खूण म्हणून त्यापुढील ब्लॉकच्या कामास लागतात. येथे लिहिणारा आणि तपासणारा असा भेद केलेला नाही. एका संगणकाला एक मत, ही निबंधातील कल्पना याच एकरूपतेवर आधारलेली आहे. ‘मायनर’ हा शब्दसुद्धा निबंधात केवळ सोन्याच्या खाणीतील कामगारांच्या उपमेत येतो.

सहाव्या भागात दोन मुख्य विधाने आहेत. पहिले असे की, ब्लॉक तयार करणाऱ्यास नवी नाणी दिल्यामुळे नोडांना जाळे चालविण्यास प्रोत्साहन मिळते आणि मध्यवर्ती संस्था नसतानाही नाणी चलनात येतात. ठरावीक संख्येची नाणी चलनात आल्यानंतर हे प्रोत्साहन पूर्णपणे शुल्कावर चालू शकते. दुसरे विधान नोडांच्या प्रामाणिकपणाविषयी आहे. एखाद्या लोभी हल्लेखोराने इतर सर्व प्रामाणिक नोडांहून अधिक संगणनशक्ती जमविली, तरी ती फसवणुकीसाठी वापरण्यापेक्षा नियमाने नवी नाणी मिळविण्यासाठी वापरणे त्याला अधिक फायद्याचे ठरेल. कारण व्यवस्थाच बुडविली तर त्याची स्वतःची संपत्तीही निरर्थक होईल.

या मांडणीचे श्रेय मान्य केले पाहिजे. नाकामोतो यांनी माणसाच्या सद्गुणावर भिस्त ठेवलेली नाही. चोराला उपदेश करण्याऐवजी त्याच्यापुढे नफ्यातोट्याचा हिशेब ठेवला आहे. कोणत्याही सदस्यत्वाशिवाय व ओळखपत्राशिवाय परस्परांस अनोळखी असणाऱ्या लोकांकडून एक सामाईक खातेवही राखून घेण्याची ही कल्पना आर्थिक संस्थांच्या इतिहासात नवी होती.

परंतु हा युक्तिवाद टिकण्यासाठी एक अट आवश्यक आहे. जो मोबदला घेतो तोच तपासणी करतो, ही ती अट होय. ती सुटली की सहावा भाग केवळ लिहिणाऱ्याविषयी बोलू लागतो व तपासणाऱ्याविषयी मौन धरतो. ही अट फार काळ टिकणार नाही याची जाणीव खुद्द लेखकाला होती. नोव्हेंबर २००८ मधील पत्रव्यवहारात त्यांनी असे मत मांडले होते की, आरंभी बहुतेक वापरकर्ते स्वतः नोड चालवितील, पण जाळे वाढल्यावर हे काम मोठी यंत्रसामग्री बाळगणाऱ्या विशेषज्ञांकडे जाईल. मात्र तसे झाल्यावर विशेषज्ञांवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न निबंधाच्या सहाव्या भागात कोठेही उपस्थित केलेला नाही.

भूमिकांची फारकत

ही फारकत अपेक्षेपेक्षा लवकर झाली. २०१० मध्ये चित्रप्रक्रियेसाठी बनविलेली संगणकीय कार्डे मायनिंगसाठी वापरली जाऊ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस अनेकांनी आपली संगणनशक्ती एकत्र आणून मोबदला वाटून घेण्याचे संघ, म्हणजे मायनिंग पूल, सुरू झाले. २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडविलेल्या चिप बाजारात आल्या. यानंतर घरगुती संगणकाने मायनिंग करणे व्यर्थ ठरले. पूलमध्ये सामील झालेल्या यंत्राला खातेवहीची प्रत ठेवण्याचीही गरज उरली नाही. पूलचालक देईल तेवढे कोडे सोडविणे एवढेच त्याचे काम झाले. मोबदल्याची धार लिहिणाऱ्याकडे वळली आणि तपासणारा कोरडा राहिला.

प्रोत्साहनाच्या या उणिवेकडे अभ्यासकांचे लक्ष लवकरच गेले. बबायोफ, डोब्झिन्स्की, ओरेन आणि झोहर यांनी २०१२ मध्ये असे दाखविले की, व्यवहाराचे शुल्क जो ब्लॉक तयार करतो त्यालाच मिळत असल्यामुळे, शुल्क देणाऱ्या व्यवहाराची वार्ता इतर स्पर्धकांना कळविण्यात नोडचे हित नाही. उलट ती दडवून ठेवण्यात आहे. लू, ट्यूश, कुलकर्णी आणि सक्सेना यांनी २०१५ मध्ये ‘पडताळणी करणाऱ्याचा पेच’ मांडला. पडताळणीत वेळ व संगणनशक्ती जाते. मोबदला मात्र पुढचा ब्लॉक लवकर तयार करणाऱ्यास मिळतो. म्हणून तपासणी अवजड झाली की ती टाळून पुढे जाण्याचा मोह विवेकी मायनरला होतो.

४ जुलै २०१५ चा धडा

या पेचाचे प्रत्यक्ष उदाहरण त्याच वर्षी घडले. व्यवहारावरील अंकीय सह्यांच्या मांडणीविषयीचा एक कडक नियम लागू व्हावयाचा होता. शेवटच्या १,००० ब्लॉकांपैकी ९५० ब्लॉकांनी तयारी दर्शविली की नियम अमलात येईल, अशी तरतूद होती. ४ जुलै २०१५ रोजी ती मर्यादा गाठली गेली. थोड्याच वेळात तयारी न केलेल्या एका लहान मायनरने जुन्या पद्धतीचा ब्लॉक काढला. नव्या नियमानुसार तो अवैध होता. तरीही काही मोठ्या पूलांनी तो न तपासता त्याच्यापुढे ब्लॉक जोडण्यास आरंभ केला, कारण तपासणीसाठी थांबणे म्हणजे शर्यतीत मागे पडणे होते. नियमाला पाठिंबा असल्याची खूण आपल्या ब्लॉकांवर उमटविणारेच त्या नियमाची पडताळणी करीत नव्हते. जाळ्याच्या एकूण संगणनशक्तीपैकी जवळजवळ निम्मी शक्ती पूर्ण पडताळणीविना काम करीत होती, असे तेव्हा उघड झाले.

अवैध साखळी सहा ब्लॉकांपर्यंत वाढली. साधारणतः सहा ब्लॉक पुढे जोडले गेले की व्यवहार पक्का समजावा, असा प्रघात होता. त्यामुळे स्वतः तपासणी न करणाऱ्या हलक्या वॉलेटच्या वापरकर्त्यांना आणखी ३० ब्लॉक थांबण्याची सूचना देण्यात आली. ज्यांच्याकडे अद्ययावत पूर्ण नोड होते त्यांना मात्र काहीच करावे लागले नाही. त्यांच्या नोडांनी ते सहाही ब्लॉक फेटाळले होते. अखेर ती साखळी सोडून द्यावी लागली आणि तिच्यावरील नव्या नाण्यांचा मोबदला, प्रत्येकी २५ प्रमाणे १५० बिटकॉइन, बुडाला.

या घटनेचे दोन अर्थ लावता येतात. मायनरला तोटा झाला, म्हणजे प्रोत्साहनव्यवस्थेने आपले काम केले, असा एक अर्थ. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. तो तोटा झाला याचे कारण बिनपगारी नोडांनी ती साखळी मानली नाही. सर्वांनीच तपासणी सोडून दिली असती तर अवैध ब्लॉकही चलनात खपला असता आणि तोटा कोणालाच झाला नसता. पगारी लेखनिकाला शिस्त लावणारी शिक्षा बिनपगारी तपासनिसाच्या हातात होती. कुंपणाने शेत खाऊ नये यासाठी कुंपणावरही राखण लागते, आणि मूळ निबंधाने तिची तरतूद केलेली नव्हती.

बिनपगारी नोडचा हेतू

येथे असा आक्षेप येईल की, मोबदल्याशिवाय हजारो लोक नोड चालवितात ही वस्तुस्थितीच त्याची गरज नसल्याचे सिद्ध करते. या आक्षेपाचे उत्तर मूळ निबंधातच, पण सहाव्या भागाबाहेर सापडते. आठव्या भागात, संपूर्ण खातेवही न ठेवता केवळ ब्लॉकांची शीर्षके पाहून रक्कम मिळाल्याची खात्री कशी करावी, याचे विवेचन आहे. त्याच्या शेवटी नाकामोतो जाता जाता असे नोंदवितात की, ज्या व्यावसायिकांकडे वारंवार रकमा जमा होतात ते अधिक स्वतंत्र सुरक्षिततेसाठी व जलद पडताळणीसाठी बहुधा स्वतःचेच नोड चालविणे पसंत करतील.

निबंधातील सर्वांत महत्त्वाचे प्रोत्साहन या एका वाक्यात आहे, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये. नोडचा मोबदला नाण्यांत नसून खात्रीत आहे. दुकानदार नोटेवरील खूण उजेडात धरून पाहतो त्याचे वेतन त्याला कोणी देत नाही. खोटी नोट पदरी पडू नये हेच त्याचे वेतन असते. असा प्रत्येक दुकानदार स्वतःपुरते पाहतो, पण अशा पुष्कळांच्या पाहण्यातून बाजारातील नाण्याचा खरेपणा टिकतो. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीच्या अभ्यासात मांडलेला सिद्धान्त येथे लागू पडतो. सर्वांना उपयोगी पडणारी गोष्ट मोठा समूह आपण होऊन निर्माण करीत नाही. परंतु ज्या थोड्यांचे हित तीत मोठे असते ते सर्व खर्च सोसूनही ती निर्माण करतात. वारंवार रक्कम स्वीकारणारा व्यावसायिक हा ऑल्सन यांच्या सिद्धान्तातील मोठे हित असणारा घटक होय.

या हिताचे बळ २०१७ मध्ये दिसून आले. ब्लॉकवर २०१० पासून १ मेगाबाइटची मर्यादा होती. ती वाढवावी की नाही यावर दोन वर्षांहून अधिक काळ वाद चालला होता. ब्लॉक मोठा केला तर अधिक व्यवहार मावतील; पण खातेवही जलद वाढून घरचा नोड परवडेनासा होईल. व्यवहारातील सह्यांची मांडणी बदलून जागा वाढविणारा ‘सेगविट’ हा दुसरा मार्ग मायनरांच्या अपुऱ्या पाठिंब्यामुळे अडून होता. तेव्हा काही नोडचालकांनी जाहीर केले की, १ ऑगस्ट २०१७ पासून सेगविटला पाठिंबा न दर्शविणारे ब्लॉक आपले नोड फेटाळतील. दुसऱ्या बाजूस, मे २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे काही कंपन्यांनी व ऐंशी टक्क्यांहून अधिक संगणनशक्तीच्या मायनरांनी सेगविटबरोबरच ब्लॉकची मूळ मर्यादा दुप्पट करण्याचा करार केला. सेगविट २४ ऑगस्ट २०१७ रोजी लागू झाले. मर्यादा दुप्पट करण्याची योजना मात्र पुरेशी सहमती नसल्याचे सांगून ८ नोव्हेंबर रोजी मागे घ्यावी लागली. ज्यांना मोठे ब्लॉक हवे होते त्यांपैकी काहींनी १ ऑगस्ट रोजीच ‘बिटकॉइन कॅश’ हे वेगळे चलन सुरू केले होते.

या निकालाचे सर्व श्रेय नोडचालकांना देणे योग्य होणार नाही. कंपन्यांचे डावपेच आणि बाजारभाव यांचाही त्यात वाटा होता. एक संगणक हजार नोड असल्याची बतावणी करू शकतो, म्हणून नोडांची केवळ शिरगणती निरर्थक आहे. ज्या नोडच्या आधारे कोणी खरोखर रक्कम स्वीकारतो व माल देतो त्याच नोडच्या नकाराला वजन असते. तरीही एवढे निश्चित दिसते की, बहुसंख्य संगणनशक्ती हाती असूनही मायनरांना इतरांवर नियम लादता आला नाही.

मोबदला देण्याचे प्रयोग

मग नोडला सरळ पैसे का देऊ नयेत? अडचण अशी की, तपासणी केल्याचा पुरावा मागे राहत नाही. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेणारा आणि स्वतः गणित सोडविणारा यांचे उत्तर सारखेच असते. शिवाय नोडमागे पैसे ठेवले की बनावट नोडांचे पीक येते. या दोन अडचणींतून मार्ग काढण्याचे जे प्रयत्न झाले त्यांपैकी दोन विशेष विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या व मार्च २०१५ पासून ‘डॅश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चलनाचा. त्यात ‘मास्टरनोड’ अशी खास वर्गवारी आहे. १,००० डॅश तारण दाखविणाऱ्यासच मास्टरनोड चालविता येतो. त्यामुळे बनावट नोडांना आळा बसतो. प्रदीर्घ काळ नव्या नाण्यांपैकी ४५ टक्के मायनरांना, ४५ टक्के मास्टरनोडांना आणि १० टक्के सामाईक निधीस, अशी वाटणी होती; पुढे हे प्रमाण बदलण्यात आले. नोडला निश्चित उत्पन्न देणारी ही रचना प्रथमदर्शनी न्याय्य वाटते. परंतु उत्पन्न येथे तपासणीच्या गुणवत्तेवर नव्हे, तर गुंतविलेल्या तारणावर मिळते. डिसेंबर २०१७ मधील तेजीत एका मास्टरनोडच्या तारणाचे मूल्य दहा लाख डॉलरच्या पुढे गेले होते. त्यातच या चलनाच्या पहिल्या दोन दिवसांत सुमारे १९ लाख नाणी निर्माण झाली होती, म्हणजे आरंभी आलेल्यांना तारण जमविणे सोपे गेले. प्रत्यक्ष संगणक तर भाड्याने घेता येतो. अशा व्यवस्थेत पहारेकरी ठेवीदार बनतो आणि पहारा हे व्याज मिळविण्याचे निमित्त ठरते.

दुसरा प्रयोग बिटकॉइनवरच उभारलेल्या ‘लाइटनिंग’ या देयक-जाळ्याचा. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी त्याची कल्पना २०१५–१६ मध्ये मांडली व २०१८ पासून त्याचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला. येथे दोन नोड आपापसांत रक्कम अडकवून एक चॅनेल उघडतात आणि अनेक लहान व्यवहार खातेवहीवर न नोंदविता त्यातून करतात. ज्यांच्यात थेट चॅनेल नाही त्यांचे व्यवहार मधल्या नोडांमार्फत पुढे जातात व मधला नोड शुल्क घेतो. मोबदला येथे सेवेशी थेट जोडलेला आहे. परंतु रक्कम पाहावी. एका प्रचलित संगणकप्रणालीतील मूळ दर प्रत्येक व्यवहारास १ सातोशी अधिक रकमेच्या दहा लाखावा भाग असा आहे. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा अंश. एक लाख सातोशींचा व्यवहार पुढे पाठविल्यास १.१ सातोशी मिळतात. चॅनेल उघडण्याच्या नोंदीस, उदाहरणादाखल, ३,००० सातोशी शुल्क पडले तर तेवढेच वसूल होण्यास असे सुमारे २,७०० व्यवहार लागतील. अडकलेले भांडवल, चॅनेल बंद करण्याचा खर्च आणि सतत जोडलेल्या संगणकावर पैसे ठेवण्याची जोखीम वेगळीच. बेरेश, शेरेश आणि बेंत्सूर या अभ्यासकांनी २०१९ मध्ये या जाळ्यातील वाहतुकीचे प्रारूप तयार करून असा निष्कर्ष काढला की, जाळे सांधून ठेवणाऱ्या बहुसंख्य मोठ्या नोडांचा सहभाग आर्थिकदृष्ट्या तर्कसंगत नाही.

शिवाय हा मोबदला रक्कम पुढे पाठविल्याबद्दल आहे; खातेवही तपासल्याबद्दल नाही. डॅशमध्ये भांडवलास आणि लाइटनिंगमध्ये वाहतुकीस पैसे मिळाले. पडताळणी दोन्हीकडे तशीच बिनपगारी राहिली.

प्रोत्साहनाचे खरे स्वरूप आणि त्यापुढील धोका

वरील विवेचनावरून असे दिसते की, पडताळणीस उत्तेजन देण्याचा एकच टिकाऊ मार्ग आहे. तिचा खर्च इतका कमी ठेवावयाचा की, स्वतःच्या खात्रीसाठी तो सोसणे रक्कम स्वीकारणाऱ्यास जड वाटू नये. या दृष्टीने पाहता निबंधाचा सातवा भाग, ज्यात साठवणुकीची जागा वाचविण्याचा विचार आहे, हा वस्तुतः प्रोत्साहनाचाच भाग आहे. ब्लॉकांच्या शीर्षकांना वर्षाला केवळ ४.२ मेगाबाइट जागा लागेल, हा हिशेब तेथे तांत्रिक सोय म्हणून येतो. नोडचा खर्च हा राखणदारांची संख्या ठरविणारा आर्थिक घटक आहे, हे मात्र निबंधात कोठेही म्हटलेले नाही. २०१५ ते २०१७ चा वाद त्या न लिहिलेल्या वाक्यावरून झाला.

तथापि खर्च कमी ठेवणे पुरेसे नाही. खात्री हाच मोबदला असेल तर तो खात्रीची गरज असणाऱ्यालाच मिळतो, आणि ही गरज रक्कम स्वतः स्वीकारण्यातून निर्माण होते. एल साल्व्हाडोरने ७ सप्टेंबर २०२१ रोजी बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. पण तेथील सरकारी ‘चिवो’ वॉलेटमध्ये नाण्यांच्या किल्ल्या वापरकर्त्यांकडे नव्हत्या व पडताळणीही त्यांच्याकडे नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्तीही काढण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइन धारण करणाऱ्या ईटीएफ योजनांना मान्यता मिळाली. अशा योजनेचा गुंतवणूकदार नाण्याच्या भावात भागीदार असतो, पण एकही व्यवहार स्वतः स्वीकारीत नाही. त्याला नोड चालविण्याचे काहीच कारण नाही.

ऑल्सन यांच्या कसोटीवर लावल्यास याचा अर्थ गंभीर आहे. धारकांची संख्या आणि संपत्ती वाढत असताना, पडताळणीत हित असणाऱ्यांचे प्रमाण घटू शकते. मोठ्या विनिमय कंपन्या व निधींचे रक्षक स्वतःचे नोड चालवितातच. पण राखण थोड्या संस्थांच्या हाती आली, तर ज्या विश्वस्त मध्यस्थाला वगळण्यासाठी हा निबंध लिहिला गेला तोच मागच्या दाराने परत येतो.

समारोप

नाकामोतो यांच्या निबंधाचा सहावा भाग ब्लॉक लिहिणाऱ्याच्या लोभाचा विचार नेमकेपणाने करतो, परंतु ब्लॉक तपासणाऱ्याच्या हिताचा विचार आठव्या भागातील एका वाक्यावर सोडून देतो. लिहिणारा आणि तपासणारा एकच राहील, हे गृहीतक दोन-तीन वर्षांतच मोडले. जुलै २०१५ मध्ये मोबदला घेणारे पडताळणी टाळताना दिसले, आणि २०१७ मध्ये बहुसंख्य संगणनशक्तीलाही इतरांच्या नकारापुढे थांबावे लागले. नोडला सरळ मोबदला देणाऱ्या प्रयोगांनी पडताळणी विकत घेतली नाही. त्यांनी भांडवल आणि वाहतूक विकत घेतली.

मूळ निबंधाच्या शीर्षकात इलेक्ट्रॉनिक रोकड असा शब्दप्रयोग आहे. रोकड हातात घेणारा ती पारखून घेतो, ही सवयच या व्यवस्थेची न लिहिलेली तरतूद आहे. म्हणून नोडला किती पैसे द्यावेत, यापेक्षा हे नाणे देवघेवीत स्वतःच्या हाताने स्वीकारणारे किती लोक उरतील, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ते उरले नाहीत, तर नव्या नाण्यांचा मोबदला कितीही मोठा असला तरी त्यातून पहारेकरी निर्माण होणार नाहीत.